भाऊजींना ई-मेल येतो

सुलेखा आमच्या वरच्या खोल्यांत राहायला आली तेव्हा मी तिला विचारलं, कुठली, घरी कोण, काय करतेस. सगळ्याच भाडेकरूंना मी हे विचारते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिनं सरळ दिली. अजिंठ्याच्या अलीकडच्या एका गावची. वडील शिवणकाम करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिसरं उत्तर ऐकून मात्र वात वळता वळता माझा हात थांबला.

"मी शिक्षकांना विचारते, तुम्हाला काय येतं," ती म्हणाली.

"आणि मग?"

"आणि जे येत नाही, ते येईपर्यंत सोबत बसते."

आमचे हे पेपरात डोकं घालून बसले होते, ते खुसखुसले. "म्हणजे मास्तरांची मास्तरीण! आपल्या पुंडलिकला भेटवा हिला एकदा."

पुंडलिक म्हणजे माझे धाकटे दीर. शेंद्र्याच्या कारखान्यांपुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. सुलेखाचं काम अशाच शाळांत होतं. फोन, संगणक, भिंतीवरचा मोठा टीव्ही ही साधनं शाळेत येऊन पडतात. ती गुरुजींना वापरता येतात का हे बघायचं, आणि येत नसली तर शिकवायचं. एका संस्थेनं तिला त्यासाठी नेमलं होतं.

मला जन्मभर वाटत आलं की शिक्षकाला सगळं येतं, येतं म्हणूनच तर तो शिक्षक. त्याला काय येतं हे विचारत हिंडणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. तिच्याबद्दल मला जी उत्सुकता लागली ती आजतागायत फिटलेली नाही. सकाळी पूजा झाली की मी वहीत पानभर लिहिते. त्या वर्षी देवाच्या खालोखाल तिचंच नाव त्यात जास्त आलंय.

पहिल्या दिवशी तिनं वर काय काय नेलं ते मी जिन्यात उभी राहून बघितलं. बाबासाहेबांचा फोटो, शेगडी, डब्यांचं पोतं आणि वायरींनी गच्च भरलेली एक पिशवी.

"एवढ्या वायरी कशाला गं?"

"काकू, शाळेत टीव्ही असतो पण लाइटचा बोर्ड लांब असतो. बोर्ड जवळ असला तर पिन बसत नाही. पिन बसली तर लाइट गेलेली असते. पहिल्या दोन गोष्टींवर माझ्याकडं इलाज आहे."

तिची एक खोड मला लवकरच कळली. पहाटे फोनवर आपोआप आरती लागावी असं माझ्या मनात होतं, म्हणून एका संध्याकाळी मी फोन तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतलाच नाही. दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवले आणि शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली.

"घड्याळाचं चित्र कुठं दिसतंय, काकू?"

"हे काय. आता?"

"आता तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू हे चुटकीसरशी करशील आणि मी भाकरी टाकायला जाईन."

"म्हणूनच हात मागं आहेत," ती हसून म्हणाली.

माझी भाकरी राहिली, चिडचिड झाली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे आरती लागली. घरातले सगळे दचकून उठले. आवाज कमी कसा करायचा हे मी विचारलंच नव्हतं.

हात मागं बांधायची सवय तिला कशी लागली तेही तिनं सांगितलं. कामाला लागली तेव्हा ती शिक्षकांच्या हातून फोन घ्यायची आणि पटापट करून द्यायची. सगळे खूष. एका शाळेत पुन्हा पुन्हा जावं लागलं, आणि दर वेळी तिथले सर म्हणायचे, "मॅडम आल्या, आता होईल." तिला ते ऐकून बरं वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं की ती येते म्हणून होतं, ती नसली की होत नाही. तेव्हापासून हात मागं.

आता खरी हकिकत सांगते.

शिकवण्याआधी कुणाला काय येतं हे कळायला हवं. त्यासाठी तिला वरून एक कागद आला होता. तिनं मला तो वाचून दाखवला. "ई-मेलद्वारे संप्रेषण साधण्याच्या क्षमतेचे स्वयंमूल्यांकन," आणि असंच पुढं. मी तांदूळ निवडत होते, आणि मला वाटलं खड्यांचा आवाज येतोय.

"हे कुणाला कळणार गं?"

"नाहीच कळत. लोक कोरा परत देतात." तिनं पेन काढलं. "मी सोप्या मराठीत करते. आपण बोलतो तसं."

तिनं केलं. वर लिहिलं, 'तुम्हाला काय येतं?' खाली एकेक ओळ: ई-मेल येतो का? पीडीएफ येते का? लिंक येते का? व्हिडिओ येतात का? ओटीपी येतो का? प्रत्येकापुढं तीन चौकटी: येतं, थोडं येतं, येत नाही. जिथं बरोबर तिथं खूण करायची. मला तर फार आवडलं. मी म्हटलं, देवानं बुद्धी दिली तुला, आता आमच्या सरूबाईलासुद्धा कळेल. सरूबाई आमच्याकडं भांडी घासायला येते. म्हणजे तो कागद माझ्या डोळ्यांखालून गेला होता आणि मी त्याला आशीर्वाद दिला होता, हे लक्षात ठेवा.

आसपासच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होतं. त्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी कागद भरले. एकानंही कोरा दिला नाही. सुलेखा ते घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता, पण दोन दिवसांत त्यावर आठी पडली.

"काकू, एक गंमत बघा. शेंद्र्याजवळच्या शाळांना सगळं येतं. डोंगराकडच्या शाळांना सगळं थोडं थोडं येतं. आणि पार दरीतली जी शाळा आहे तिथं दोघंच गुरुजी, दोघांनाही काहीच येत नाही. असं का असेल?"

"कारखान्यांमुळं असेल. तिकडं माणसं हुशार होतात."

"दरीतले एक सर तर कंप्यूटरचा कोर्स केलेले आहेत! मी स्वतः बघितलंय त्यांना. आणि त्यांनी लिहिलंय, ई-मेल येत नाही."

आम्ही दोघींनी त्यावर पुष्कळ डोकं चालवलं. मी म्हटलं, नम्रता असेल. ती म्हणाली, एवढी नम्र शाळा मी बघितली नाही.

कोडं सुटायच्या आत निकाल पुढं गेला. केंद्राचे प्रमुख बद्रीनाथ सर. त्यांनी कागद चाळले आणि ज्याला सगळं येतं असं नाव शोधलं. ते निघालं आमच्या पुंडलिकभाऊजींचं. प्रत्येक ओळीपुढं 'येतं'वरच खूण होती. सरांनी जाहीर केलं, पुंडलिक गुरुजी आपल्या केंद्राचे तंत्रस्नेही मार्गदर्शक. पुढच्या महिन्याची शिक्षण परिषद त्यांच्याच शाळेत भरेल. केंद्रातले सगळे शिक्षक जमतील, जिल्ह्याचे साहेब येतील, आणि फोनवर मुलांची चाचणी कशी तयार करायची हे गुरुजी सगळ्यांना करून दाखवतील. मग शाल आणि नारळ.

भाऊजी ही बातमी घेऊन आमच्याकडं आले तेव्हा त्यांच्या अंगावर लग्नातला सदरा होता. मागं धाकटी जाऊ संध्या, हातात पेढे.

"वहिनी, तोंड गोड करा," ते म्हणाले. "सगळी नोकरी खडू झाडण्यात गेली. तो सुयश सर, काल लागलेला पोरगा, मला खडू मास्तर म्हणतो. आता म्हण म्हणावं!"

मी पेढा आधी देवापुढं ठेवला. हे म्हणाले, "पुंडलिक, तुला रे कधी एवढं आलं? परवा तर टीव्हीचा रिमोट उलटा धरला होतास."

"दादा, तुम्हाला काय मालूम? शाळेत मी वेगळा असतो."

मी चहा टाकला. खरं सांगते, मला संशय नव्हता, नुसती उत्सुकता होती. ज्या माणसाला फोनमधला फोटो पुसायला पुण्याच्या अपेक्षाला, म्हणजे लेकीला, फोन लावावा लागतो, त्याला हे सगळं कधी आलं? मी कप पुढं करत विचारलं, "भाऊजी, तुम्हाला ई-मेल येतो?"

"येतो की! रोज येतो. काल बँकेचा आला. लाइटबिलाचा आला. एक परदेशातून आला होता, इंग्रजीत, मला लॉटरी लागली म्हणून."

"आणि ओटीपी?"

"तो तर टणकन येतो. घरात कुणी काही मागवलं तरी ओटीपी माझ्याच फोनवर. विचारा हिला."

"व्हय," संध्या म्हणाली. "लई येतात."

"आपल्या शाळेसमोरच टॉवर हाय ना वहिनी. डोंगराकडच्या लोकांना थोडं थोडं येतं. अडकत अडकत. आणि त्या दरीतल्या बिचाऱ्यांना तर नायच येत. रेंजच नाय."

जिन्यात पावलांचा आवाज आला होता तो थांबला. सुलेखा चहाला खाली येत होती. अर्ध्या जिन्यात ती कठडा धरून उभी राहिली. तिनं भाऊजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचे ओठ हलले, जणू ती मनातल्या मनात तो कागद पुन्हा वाचत होती. येतो का. येते का. येतात का. आणि ती परत वर गेली.

मलाही तेव्हाच कळलं. तिनं विचारलं होतं काय, भाऊजींनी सांगितलं होतं काय. आणि दोघंही खरं बोलत होते.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला पण मन आरतीत नव्हतं. येतं, येतं म्हणतो ते काय असतं? आमच्या गल्लीतल्या मंडळाची आरती मला येते असं मी कुणालाही सांगेन. मी एकटीनं म्हणायला घेतली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्यात मी थांबले. तिथं रोज सगळे मोठ्यानं म्हणतात आणि मी नुसते ओठ हलवते. मला आरती येत नव्हती. आरती माझ्या कानावर येत होती. देव फोटोतून बघत होता. त्याला काय, त्याला माहीतच असणार.

सुलेखा दुसऱ्या दिवशी खाली आली. डोळे सुजलेले. "काकू, सरांना बोलवाल का? मला त्यांच्याशी बोलायचंय. तुमच्या घरात बोलते, शाळेत नको."

भाऊजी आले. तिनं काही लपवलं नाही. "सर, चूक माझी आहे. मी विचारताना मराठीत घोटाळा केला. मला विचारायचं होतं, तुम्हाला ई-मेल करता येतो का. तुम्ही उत्तर दिलंत, ई-मेल माझ्याकडं येतो. तुमचं उत्तर बरोबर आहे. माझा प्रश्न चुकला."

भाऊजींना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मला काही येत नाय असं म्हणायचंय तुम्हाला."

"मला माहीतच नाही सर, तुम्हाला काय येतं. मी विचारलंच नाही ना नीट."

"मॅडम, एवढ्या वर्षांत कुणी मला शाल घातली नाय. आता घालायला निघाले, तर तुम्ही म्हणता प्रश्न चुकला?"

"मी बद्रीनाथ सरांना लिहून देते की सगळे कागद रद्द करा. कारण म्हणून माझं नाव घालते. तुमचं नाव कुठंच येणार नाही."

"लोक काय प्रश्नाला हसतील का?" भाऊजी उठले. "लोक मला हसतील. तो सुयश मला ओटीपी मास्तर म्हणेल, आणि रिटायर होईपर्यंत म्हणेल. माझी इज्जत काय तुमच्या कागदावर आहे?"

ते चहा टाकून गेले. आमच्या घरातून भाऊजी चहा टाकून कधी गेले नव्हते. सुलेखा त्या कपाकडं बघत बसली.

"आता गं?"

"सांगावं तर लागेलच, काकू. त्या कागदावरून शिकवायचं ठरणार आहे. ज्यांना काहीच येत नाही ते वरच्या वर्गात बसतील आणि ते दरीतले कोर्सवाले सर बाराखडीला. पण सर हो म्हणेपर्यंत माझ्यानं बोलवत नाही."

चार दिवस भाऊजी फिरकले नाहीत. संध्या येऊन सांगून जायची. "ताई, हे नुसते फोनकडं बघत बसतात. तो वाजला की दचकतात. काल ओटीपी आला तर म्हणाले, आला मेला." मला हसूही येईना. परिषद जवळ येत होती. सांगितलं तर हसं, न सांगावं तर साहेबांसमोर उभं राहून जास्त हसं. त्या माणसाला तिसरी वाटच नव्हती.

मग एका संध्याकाळी ते आले. साधा सदरा, हातात फोन. जिन्याखाली उभे राहून त्यांनी वर हाक मारली, "ताई!" आजवर मॅडम म्हणत होते.

सुलेखा धावत खाली आली.

"ताई, तुम्ही काय लिहून देऊ नका. परिषदेत मीच सांगतो. पण रिकाम्या हातानं सांगायला मला जमायचं नाय. एक तरी गोष्ट करून दाखवीन आणि मग सांगीन. ती चाचणी फोनवर करतात म्हणे, ती शिकवाल?"

"शिकवते. पण आधी बघू, तुम्हाला काय येतं."

"पुन्हा?" भाऊजी म्हणाले आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

या वेळी तिनं 'येतं का' विचारलंच नाही. तिनं विचारलं, "सर, शेवटचं तुम्ही फोनवर स्वतः काय केलंत? करून दाखवा." भाऊजींना फोन लावता येत होता. फोटो काढता येत होता. ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांना ते स्वतःच्या आवाजात कविता म्हणून पाठवत होते. ते बटण दाबून धरायचं हे त्यांना एका पोराच्या बापानं शिकवलं होतं. लिहिता मात्र काही येत नव्हतं. ई-मेल आला की ते वाचायचे आणि फोन पालथा घालायचे.

"चला, काय नाही ते कळलं," सुलेखा म्हणाली. "आणि काय आहे तेही."

पुढं परिषदेपर्यंत आमच्या ओट्यावर शाळा भरली. संध्याकाळी जालना रोडवरचा कंपन्यांच्या बसगाड्यांचा आवाज थोडा कमी झाला की भाऊजी खुर्ची मांडून बसायचे आणि सुलेखा हात मागं बांधून उभी. अक्षरं शोधताना त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. मग तिनं त्यांना बोलून लिहायला सांगितलं, फोनपुढं बोलायचं आणि फोन लिहितो. भाऊजींनी घसा साफ केला आणि वर्गात बोलतात तसं खणखणीत म्हणाले, "तुम्हास्नी ई-मेल येतो का?"

फोननं लिहिलं, 'तुम्हा सनी ई-मेल येतो का.'

"हा सनी कोण?" भाऊजी ओरडले.

आमचे हे खुर्चीवरून पडायचे राहिले. संध्यानं पदर तोंडात कोंबला. सुलेखाचे हात मात्र मागंच होते, फक्त खांदे हलत होते.

"सर, जरा पुस्तकातलं बोला."

"फोनला मराठवाड्याचं कळत नाय व्हय? मग त्यालाच आधी शाळेत घाला!"

पण शिकले. प्रश्न टाकायचा, खाली उत्तराच्या जागा द्यायच्या, लिंक तयार करायची, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर सोडायची. कधी सगळं पुसून जायचं, तेव्हा ते "हे विठ्ठला" म्हणून माझ्याकडं बघायचे, जणू तो माझ्या ओळखीचा आहे. परिषदेच्या आदल्या दिवशी चाचणी तयार झाली. आत काय विचारलंय ते त्यांनी फक्त सुलेखाला दाखवलं. ती ते वाचून कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत राहिली.

परिषदेला मीही गेले. यजमान शाळेकडं जेवण असतं. संध्यानं ठेचा आणि भाकरीची जबाबदारी घेतली होती आणि म्हणाली, "ताई, चला ना. मला एकटीला बघवणार नाय." आम्ही दोघी वऱ्हांड्यात खिडकीशी टोपली घेऊन बसलो.

आत वर्गात सतरंज्यांवर शिक्षक, पुढं खुर्च्यांवर साहेब आणि बद्रीनाथ सर. एका कंपनीनं दिलेला मोठा टीव्ही भिंतीवर. त्याच्यावर नेहमी विणलेलं झाकण असतं, ते भाऊजींनी घडी करून ठेवलं. बाजूला ताटात शाल आणि नारळ.

"काय तंत्रस्नेही, खडू आणलाय ना?" मागून सुयश सरांनी आवाज दिला. भाऊजींनी खिशातून खडू काढून दाखवला. लोक हसले. संध्यानं माझा हात धरला.

भाऊजींनी गटावर लिंक सोडली. "पाच मिनिटांची चाचणी आहे. आज विद्यार्थी तुम्ही. नाव टाकायचं नाही, खरं लिहायचं." सगळ्यांची मुंडकी फोनवर वाकली. दरीतल्या कोर्सवाल्या सरांना इथं रेंज होती, त्यांचं सगळ्यांत आधी झालं.

आता उत्तरं टीव्हीवर दाखवायची होती. भाऊजींनी बोट लावलं आणि टीव्ही पांढरा फटक पडला.

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. बद्रीनाथ सर अर्धे उठले, "गुरुजी, द्या इकडं. मॅडम, तुम्ही तरी बघा!"

सुलेखा भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात मागं होते, आणि खिडकीतून मला ते दिसत होते. बोटं एकमेकांत इतकी घट्ट रुतली होती की नखं पांढरी पडली होती. "सर, राहू द्या," ती म्हणाली. "ते करतील."

भाऊजी फोनकडं बघत स्वतःशीच बोलायला लागले. "मागं जायचा बाण. बाण कुठं हाय... हा हाय. आता उत्तरं. उत्तरं..." मी तेव्हा डोळे मिटले होते, नाम घेत होते, म्हणून टीव्ही कसा लागला ते मला दिसलं नाही. उघडले तेव्हा वर अक्षरं होती.

पहिला प्रश्न: तुम्हाला ई-मेल येतो का? खाली एक हिरवा गोल. सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

"शंभर टक्के!" बद्रीनाथ सर साहेबांकडं वळले. "बघा साहेब, आपलं केंद्र!" टाळ्या पडल्या.

भाऊजींनी टाळ्या संपू दिल्या. मग दुसरा प्रश्न वर आला: तुम्ही स्वतः शेवटचा ई-मेल कुणाला पाठवला?

उत्तरं एकाखाली एक दिसत होती. 'आठवत नाही.' 'मुलाला विचारून सांगतो.' 'मिसेस पाठवतात.' 'पाठवायचा पण असतो का?' 'आमच्याकडं फक्त येतो.' शेवटून दुसरं होतं, 'काल टेकडीवर चढून बहिणीला, तिच्या पोरीचं वेळापत्रक.' ते दरीतल्या सरांचं असणार, कारण त्यांनी मान खाली घातली.

आधी कुणी हसलं नाही. मग साहेबच हसले. आणि मग सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा वर्ग हसला. भाऊजी खडू हातात घेऊन उभे होते.

"मलापण येतो," ते म्हणाले. "ई-मेल येतो, ओटीपी येतो, पीडीएफ येते. म्हणून मी सगळीकडं 'येतं' लिहिलं आणि पहिला आलो. मला पाठवायला येत नाय. ही चाचणी मी ओट्यावर बसून शिकलो, या ताईंनी माझ्या फोनला बोट लावलं नाय. आणि प्रश्न चुकला म्हणून ताई सगळा दोष स्वतःवर घेणार होत्या. पण मी म्हणतो, प्रश्न चुकला तर चुकला, आपल्यातल्या एकानंही विचारलं नाय की येतो म्हणजे काय?"

सुलेखानं मान हलवली.

मागून सुयश सर उभे राहिले. मला वाटलं आता ओटीपी मास्तर म्हणतो की काय. पण ते म्हणाले, "सर, ते 'मिसेस पाठवतात' माझं होतं."

मग मात्र हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी कागद पुन्हा करायला सांगितले. बद्रीनाथ सरांची जरा पंचाईत झाली. ताटातली शाल तशीच होती. त्यांनी ती उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. "मग गुरुजी, आता हिचं काय करायचं?"

"नारळ फोडा, सगळ्यांना वाटा," भाऊजी म्हणाले. "शाल तुमच्या कपाटात ठेवा. मला ई-मेल पाठवायला येईल त्या दिवशी घेईन."

"आणि आम्हाला कसं कळणार, येतो की नाही?"

"उत्तर येईल ना!"

जेवणं झाली. ठेचा संपला. परतीच्या वाटेवर संध्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, इतकी दमली होती.

सुलेखानं नवे प्रश्न लिहायला घेतले. आता ती एकेक प्रश्न घेऊन खाली येते आणि विचारते, "काकू, ह्याचा आणखी काही अर्थ होतो का?" मी तांदूळ निवडता निवडता विचार करते. आधी मी पटकन हो-नाही म्हणायचे. आता वेळ लावते. 'तुम्हाला फाइल उघडता येते का?' मी म्हटलं, अगं, आमच्या ह्यांना दुखण्याची फाइल उघडता येते, डॉक्टरकडं. ती कपाळाला हात लावून परत वर गेली.

काल दुपारी पोथी वाचून उठले, तर माझ्या फोनवर टिंग झालं. फोन घेतला तेव्हा दुकानदारानं त्यात ई-मेल उघडून दिला होता. मलाही येतो, म्हणजे माझ्याकडं येतो. चष्मा लावून बघितलं. वर भाऊजींचं नाव होतं.

'वहिनी, सप्रेम नमस्कार. हा ई-मेल आला का? आला असला तर उत्तर पाठवा. बद्रीनाथ सर म्हणतात उत्तर दाखवल्याशिवाय शाल नाय. आपला पुंडलिक.'

'नाय' बरोबर लिहिलं होतं. फोनला शेवटी कळलं म्हणायचं, नाहीतर भाऊजींनी एकेक अक्षर शोधून लिहिलं असेल.

मी ते दोनदा वाचलं. मग फोन घेऊन तशीच जिना चढले. सुलेखा शाळेतून आली होती, वायरींची पिशवी अजून खांद्यावर होती. मी फोन तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, "अगं, भाऊजींची शाल अडकलीय. एवढं उत्तर पाठवून दे."

तिनं ई-मेल वाचला. पिशवी खाली ठेवली. आणि दोन्ही हात मागं नेले.